जागेचा हिशोब

मुंबईत आणि तिच्या उत्तरेकडच्या उपनगरांत कुणी ‘जागा घेतली’ म्हणाले की त्याने घर घेतले असेच समजायचे असते. भाईंदर पूर्वेच्या नवघरमध्ये १९८० नंतर माणसे लोटली ती या अर्थाच्या जागेसाठी. बोरिवली-कांदिवलीला न परवडणारे वन रूम किचन इथे परवडत होते. पुढे दहा-पंधरा वर्षांनी या घरांत कॉम्प्युटर शिरला आणि घरातल्या मुलांनी तोच शब्द हार्ड डिस्कला लावला. जागा आहे का, किती जागा घेतो, जागा फुल झाली. गेम कॉपी करण्याआधी तो कसा आहे हे नंतर विचारले जाई. आधी विचारले जाई की किती एमबीचा आहे. आज जुने यंत्र पुन्हा उभे करून त्यावर त्या काळचे गेम चालवण्याचा छंद जोर धरतो आहे, आणि या छंदात पडणाऱ्याची पहिली कुरकूर हीच असते की डिस्क लहान आणि गेम फार. माझ्या मते ही कुरकूर सोडून द्यावी. नवघरसारख्या ठिकाणी कोणते गेम खेळले गेले, ते कोणत्या वाटेने आले आणि कोणत्या रूपात आले, हे बऱ्याच अंशी जागेच्या टंचाईने ठरवले. तो कॉम्प्युटर पुन्हा उभा करायचा असेल तर त्याची टंचाईही त्याच्याबरोबर उभी करावी लागेल.

आधी गाव नक्की करू, कारण नवघर नावाची गावे या किनाऱ्यावर बरीच आहेत. वसईचे नवघर-माणिकपूर आहे, मुलुंड पूर्वेचे नवघर आहे, उरणकडेही एक आहे. इथे बोलतो आहे ते ठाणे जिल्ह्यातल्या, वसईच्या खाडीच्या दक्षिणेच्या आणि मिठागरांच्या शेजारच्या नवघरविषयी. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली, त्यांत हे नवघर होते. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. या दोन तारखांच्या मधल्या काळात गाव आणि शहर यांचे प्रमाण पार उलटले. १९९१ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये ती पाच लाखांच्या पुढे गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांवर. एका दशकात तिप्पट. भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत कॉम्प्युटर पसरला तोही याच दशकात, आणि माझ्या विषयासाठी हे जुळून येणे महत्त्वाचे आहे. ज्या घराचे हप्ते नुकते सुरू झाले आहेत, ज्यात एकच खोली आणि एक स्वयंपाकघर आहे, त्या घरात चौदा इंची मॉनिटर आणि ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणत ते कॅबिनेट येते. त्याला बसवायला खालून कीबोर्ड बाहेर ओढता येणारे टेबल आणावे लागते. आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर कापडी किंवा प्लॅस्टिकचे कव्हर चढते. जागेचा हिशोब अशा तऱ्हेने डिस्कच्या आधी भिंतीपाशीच सुरू झालेला असे.

पण गेम घरात आले ते पीसीच्याही आधी, आणि तेव्हापासून साठवणुकीचा प्रश्न त्यांच्या मागे आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या छोट्या घरगुती कॉम्प्युटरची परवाना घेऊन बनवलेली आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात आणली होती. तिची स्मृती ४८ किलोबाइट, आणि साठवण म्हणजे घरातला साधा टेपरेकॉर्डर. पूर्ण स्मृती भरणारा गेम टेपवरून चढायला चार-पाच मिनिटे लागत आणि तेवढा वेळ स्पीकरमधून किंचाळल्यासारखा आवाज येत राही. त्यानंतर जपानी निन्टेंडोच्या नकला समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी टीव्हीला जोडल्या गेल्या. त्यांत खोचायच्या प्लॅस्टिकच्या डबीला आपल्याकडे कुणी कार्ट्रिज म्हटले नाही, ती ‘कॅसेट’च झाली, कारण साठवणूक म्हणजे कॅसेट हे समीकरण टेपरेकॉर्डरने आधीच घालून दिले होते. सुपर मारिओ ब्रदर्स हा गेम अख्खा ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या फोटोत असे पन्नासेक मारिओ सहज मावतील. त्या कॅसेटींवर ९९९९९९९ गेम असल्याचे छापलेले असे. आत पाच-सात गेम आणि त्यांचीच नावे व पातळ्या बदलून केलेली लांबलचक यादी. या खोट्या विपुलतेची आठवण पुढे पुन्हा काढावी लागेल.

कॉम्प्युटर परवडू लागला त्याची कारणे सरकारी धोरणातही आहेत. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयात सैल केली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि त्यानुसार संगणकाच्या सुट्या भागांवरचे सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. याचा फायदा कंपन्यांच्या तयार कॉम्प्युटरपेक्षा जास्त झाला तो असेंबल्ड पीसीला. मदरबोर्ड एकाचा, रॅम दुसऱ्याची, कॅबिनेट तिसऱ्याचे, आणि हे सगळे जोडून घरी आणून लावणारा माणूस ओळखीतला. पश्चिम रेल्वेच्या पट्ट्यातल्या या धंद्याचे मूळ ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. भाईंदर तिथून चाळीसेक किलोमीटरवर, पण त्याच रेल्वेमार्गावर. हे अंतर किती कमी होते ते कळायला मोडेमचा वेग पाहावा. घरगुती इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केले. पुढच्या काळात ५६ केबीपीएसचा मोडेम घरोघरी आला. तो अगदी कागदावरच्या वेगाने आणि एकदाही न तुटता चालला असता तरी एक ६५० एमबीची सीडी उतरवायला सव्वीस तास लागले असते, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकून पडला असता तो वेगळाच. लोकलने तीच सीडी तास-सव्वा तासात भाईंदरला पोचे. नवघरच्या गेमांचा इतिहास लिहिताना इंटरनेटपेक्षा लोकलच्या डब्याला मोठी जागा द्यावी लागते, ती या आकड्यांमुळे. मुंबईहून निघणाऱ्या ‘चिप’ आणि २००१ पासून ‘डिजिट’ या मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्याही याच मार्गावरच्या स्टॉलवर मिळत. त्यांवर गेमचे डेमो असत, म्हणजे पहिला टप्पा खेळायला आणि बाकीचा मनात ठेवायला.

असेंबल करणारा माणूस यंत्र लावून निघण्याआधी एक मागणी हमखास होई: ‘गेम टाकून द्या ना.’ या चालीचा मी थोडा तपशिलात विचार करतो, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा इथे आहे. गेम कुठे टाकायचे हे ठरलेले असे: डी किंवा ई ड्राइव्हमध्ये. एकच हार्ड डिस्क कापून तिची सी, डी, ई अशी पार्टिशने करण्याची सवय पुढच्या काळात निव्वळ रीत म्हणून चालू राहिली, पण तिच्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण विंडोजचे. ती काही महिन्यांनी रडू लागे, मग सी ड्राइव्हला ‘फॉरमॅट मारून’ ती पुन्हा टाकावी लागे. डीमधले गेम आणि गाणी त्यातून वाचत. दुसरे कारण गणिती आहे आणि आज जुने यंत्र लावणाऱ्याचीही त्याच्याशी गाठ पडतेच. डिस्कवर फाइली मांडण्याच्या फॅट-१६ या पद्धतीत डिस्कचे जास्तीत जास्त पासष्ट हजारांच्या आसपास तुकडे मोजता येतात. या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात. डिस्क मोठी झाली तरी तुकड्यांची संख्या वाढत नाही, म्हणून प्रत्येक तुकडाच मोठा करावा लागतो. २५६ ते ५११ एमबीच्या पार्टिशनमध्ये क्लस्टर ८ केबीचा असतो, एक जीबीच्या वर गेलात की ३२ केबीचा. एका क्लस्टरमध्ये दोन फाइली राहू शकत नाहीत. एक केबीची फाइलही ३२ केबी अडवून बसते, जशी एका माणसाने अख्खी खोली अडवावी. १.२ जीबीची डिस्क सलग ठेवली तर हजार छोट्या फाइलींमागे सरासरीने सोळा एमबी नुसते वाया जातात. तिचेच ४०० एमबीचे तीन भाग केले तर वाया जातात चार. बारा एमबी वाचले म्हणजे डूम हा गेम संपूर्ण बसवण्याइतकी जागा मिळाली. असेंबल करणाऱ्यांतल्या कितीकांनी हे गणित मांडले असेल ते सोडा, पण तीन भाग केलेल्या डिस्कवर जास्त मावते हे हाताला कळत होते. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आले आणि गणित बदलले. सी-डी-ई मात्र तशीच राहिली.

अशा आणखीही भिंती होत्या, आणि त्यांचा क्रम लावला तर त्या काळाची कालरेषाच तयार होते. यंत्र सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या जुन्या बायॉसला डिस्कचे १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यापलीकडे मोजता येत नसे. गुणाकार केला की ५०४ एमबी येतात, त्यावरची डिस्क अदृश्य. डॉस या जुन्या प्रणालीला एका पार्टिशनमध्ये दोन जीबीपेक्षा जास्त दिसत नसे. मग बायॉसची पुढची भिंत ८.४ जीबीला, त्यानंतर अनेक बोर्डांवर ३२ जीबीला, आणि त्यानंतर १३७ जीबीला. जागा वाढवण्याचे उपायही होते. एमएस-डॉस ६ मध्ये १९९३ साली डबलस्पेस नावाची सोय आली. ती डिस्कवरचे सगळे दाबून बसवी आणि जागा जवळजवळ दुप्पट भासवी. या दाबण्याच्या तंत्रावरून स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने पेटंटचा दावा लावला आणि १९९४ मध्ये ज्युरीने मायक्रोसॉफ्टला १२ कोटी डॉलर भरपाई द्यायला लावली. जागेची किंमत जगभर किती होती याचा हा न्यायालयीन पुरावाच म्हणायचा. आपल्याकडे त्याहून चालला तो एआरजे आणि पीकेझिप यांचा मार्ग: गेम दाबायचा, १.४४ एमबीच्या तुकड्यांत कापायचा, फ्लॉप्यांवर भरायचा आणि दुसऱ्या घरी जाऊन जोडायचा. सहापैकी पाचवी फ्लॉपी खराब निघाली की सहाही फुकट. खाडीकाठच्या दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते, तेव्हा हे घडायला पावसाळ्यात फार वेळ लागत नसे.

आता जागेच्या या गाळणीतून कोणते गेम पार झाले ते पाहावे. भारतात त्या पिढीला जे गेम तोंडपाठ आहेत त्यांत डेंजरस डेव्ह पहिल्या रांगेत आहे. जॉन रोमेरोने तो १९८८ मध्ये अॅपल टूसाठी लिहिला, १९९० मध्ये तो पीसीवर आला. फ्लॉपीवर निघणाऱ्या मासिकांच्या धंद्यातला तो गेम, म्हणजे त्याचे लहान असणे जन्मापासूनचे. रोमेरोचे नाव जगात घेतले जाते ते डूमसाठी, डेव्ह त्याच्या कारकिर्दीतली सुरुवातीची किरकोळ नोंद. इथे मात्र शाळेच्या कॉम्प्युटर लॅबपासून क्लासपर्यंत डेव्ह सगळीकडे होता. गुणवत्तेच्या कोणत्याही हिशोबाने हे समजत नाही; एका फ्लॉपीवर तो इतर चार गेमांसह सुखाने राहत असे, या हिशोबाने समजते. जॉर्डन मेकनरचा प्रिन्स ऑफ पर्शिया तर गुणानेही थोर आणि आकारानेही फ्लॉपीत मावणारा. १० डिसेंबर १९९३ ला आलेल्या डूमचा पहिला भाग मोफत वाटायला परवानगी होती, त्याची मुख्य फाइल चार एमबीची, आणि दाबून दोन फ्लॉप्यांत बसणारी. ज्यांनी डूम खेळला असे सांगितले जाते त्यांतले पुष्कळ जण त्याच्या पहिल्या नऊ पातळ्यांविषयीच बोलत असतात. त्यापुढचे डूम त्यांच्यासाठी नव्हतेच.

सीडी आल्यावर गाळणी सैल झाली असे वाटेल. झाले उलटे. सीडीवरचा गेम ६५० एमबीपर्यंत पसरू शके, आणि घरातली डिस्क मात्र एक-दोन जीबीची, त्यातले दोनशेच्या आसपास एमबी विंडोज ९८ नेच घेतलेले. तेव्हा ‘रिप’ केलेल्या प्रती फिरू लागल्या: गेममधले व्हिडिओ काढलेले, संगीत काढलेले, नुसता खेळ ठेवलेला. १९९६ मध्ये पीसीवर आलेला रोड रॅश हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मूळ सीडीवर नावाजलेल्या रॉक बँडांची गाणी आणि शर्यतीच्या आधी-नंतर दिसणाऱ्या चित्रफिती होत्या. त्या वजा केल्या की मोटारसायकल, साखळी आणि रस्ता एवढे उरते, आणि तेवढे कुठल्याही डिस्कवर मावते. इथल्या मुलांनी ओळखला तो हा उरलेला रोड रॅश. एका खेळाच्या दोन आवृत्त्या दोन समाजांत रुजल्या. एकीला गाणी होती, दुसरीला नव्हती. कुणी मूळ सीडीची पूर्ण प्रत आज जुन्या यंत्रावर बसवली तर ती कॅलिफोर्नियातल्या एखाद्या घराशी प्रामाणिक असेल, नवघरशी नाही. या टंचाईचा शेवटही तारखेने दाखवता येतो. २००३ मध्ये पीसीवर आलेल्या व्हाइस सिटी या गेमला ९१५ एमबी लागत, पण तोवर नव्या कॉम्प्युटरमध्ये ४० जीबीची डिस्क येऊ लागली होती. कुणी जागा विचारेनासे झाले.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणूस घेईल. कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड हार्ड डिस्कच्या जुन्या आयडीई केबलला साध्या अडॅप्टरने जोडता येते, कारण दोन्हींची विद्युत भाषा एकच आहे. कार्डे स्वस्त आहेत. मग हौसेने उपास का करावा? याचे अर्धे उत्तर यंत्रच देते. एमएस-डॉस ६.२२ आठ जीबीच्या पुढे पाहतच नाही, त्यामुळे ६४ जीबीचे कार्ड लावले तरी बहुतेक भाग मुका राहतो. जुना बायॉस मोठी डिस्क पाहून अडकून पडतो, ती काढेपर्यंत सुरूच होत नाही. पण हे उत्तर पुरे नाही हे मला मान्य आहे, कारण थोडी खटपट केली तर या सगळ्या भिंती ओलांडता येतात. खरे उत्तर वापरात आहे. दहा हजार गेम भरलेल्या कार्डावर माणूस यादी खाली सरकवत राहतो, दोन मिनिटे एक उघडतो, बंद करतो. ९९९९९९९ गेमची ती कॅसेट हेच करत होती, फक्त तिच्या आत काही नव्हते आणि याच्या आत सगळे आहे. जुन्या डिस्कवर नवा गेम टाकायचा तर आधीचा एक काढावा लागे, आणि कोणता काढायचा यावर भावंडांत भांडणे होत. काढायचा की ठेवायचा हा निर्णय हा त्या खेळाचा भाग होता, इतका की तो वगळून उरलेल्या भागाला त्या काळाचा अनुभव म्हणणे मला धाडसाचे वाटते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे टंचाईचे कौतुक झाले. टंचाईने कुणाचे भले केले? ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांच्या आठवणी आज इतिहास म्हणून मिरवतात, आणि नवघरमधल्या बहुतेक घरांत तो नव्हता. त्या घरांतल्यांना तो पहिल्यांदा हाताळायला मिळाला तो क्लासमध्ये, आणि २००१ मध्ये राज्याच्या एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम सुरू केल्यावर असे क्लास स्टेशनच्या दोन्ही बाजूंना उघडले. शिवाय जे ‘गेम टाकून दिले’ जात ते बहुतेक बेकायदा होते. कॉपीराइट कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आले आणि ते १० मे १९९५ पासून लागू झाले. चोरीची प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. हे सगळे खरे आहे आणि मी त्यातले काहीच झाकू इच्छित नाही. नकलांबरोबर व्हायरसही आले: २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच जागा झाला आणि त्याने डिस्कचा पहिला एक एमबी पुसून टाकला, काही बोर्डांचा बायॉसही. नकलांच्या या धंद्याने व्हायरस काढण्याचा दुसरा धंदा उभा केला. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात दुरुस्तीच्या दुकानापासून क्विक हील या अँटिव्हायरसपर्यंत केलेला प्रवास याच वर्षांतला आहे. पण टंचाईला चांगले म्हणणे आणि टंचाईचा परिणाम नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुष्काळात कोणते धान्य खाल्ले गेले हे लिहिणारा दुष्काळ मागत नसतो. आणि कॉम्प्युटर नसलेल्या घरांचा प्रश्न माझे म्हणणे बळकट करतो. क्लासच्या यंत्रावर मिळणारा वेळ ठरलेला, सर बघताहेत की नाही याकडे लक्ष, म्हणून गेम असा हवा की चटकन उघडेल, कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये लपेल आणि चटकन मिटवता येईल. लहान गेमच तिथे तगला. डेव्हची लोकप्रियता घरांपेक्षा अशा सार्वजनिक यंत्रांवर जास्त वाढली, याचे कारण हे आहे असे मी मानतो.

तिसरा आक्षेप अभ्यासकाचा. जतन करायचे तर सगळे करावे. निवड करणे म्हणजे पुसणे. इंटरनेट अर्काइव्हने जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे चोवीसशे गेम ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले, आणि ते काम मोलाचे आहे. डॉसबॉक्स या प्रोग्रॅममुळे जुने यंत्र नसतानाही गेम चालतात. मेकनरने २०१२ मध्ये प्रिन्सचा अॅपलवरचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला केला, डूमचा कोड तर १९९७ पासून खुला आहे. गेम वाचले आहेत, याबद्दल वाद नाही. वाचलेली नाही ती कोणत्या ठिकाणी कोणते गेम एकत्र राहत होते याची नोंद. एका डी ड्राइव्हमध्ये डेव्ह, प्रिन्स, रोड रॅश, व्हर्च्युआ कॉप २, क्लॉ आणि शेजारच्याच फोल्डरमध्ये लग्नाच्या कॅसेटवरून केलेली व्हिडिओ सीडी असणे, ही माहिती कोणत्याही एका गेमच्या फाइलीत नाही. ती डिस्कच्या मांडणीत आहे. घरांचे सर्वेक्षण करताना जसे भांड्यांपेक्षा फडताळावरची त्यांची मांडणी बोलते, तसेच इथे आहे. आणि या मांडणीचे नमुने वेगाने नष्ट होत आहेत. खारी हवा बोर्डांना गंज चढवते. २६ जुलै २००५ च्या पावसात मिरा-भाईंदरमध्येही तळमजल्यांवर पाणी शिरले. उरलेले भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर गेले. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ ला लागू झाले तोवर जड मॉनिटर आणि जुनी कॅबिनेटे मोठ्या संख्येने फुटून तांबे आणि लोखंड झाली होती.

म्हणून नवघरचा १९९८ च्या सुमाराचा कॉम्प्युटर उभा करायचा तर मी असे सुचवीन. भंगारातून किंवा नातेवाइकाच्या माळ्यावरून पेंटियम एमएमएक्स किंवा सेलेरॉनचे कॅबिनेट मिळवावे. आधी बोर्डावरची बटणासारखी बॅटरी बदलावी आणि फुगलेले कपॅसिटर आहेत का ते पाहावे. डिस्क फिरत असेल तर तिच्यावर काहीही लिहिण्याआधी तिची जशीच्या तशी प्रत आजच्या यंत्रावर काढून ठेवावी, कारण तोच खरा दस्तऐवज आहे. तिच्यावर एखाद्या घराची पत्रे, हिशोब, फोटो निघाले तर ते बाहेर दाखवायचे नाहीत, ती त्या घराची मालकी. मग दोन जीबीचे कार्ड जोडावे आणि त्याचे पाचशे एमबीच्या आतले चार भाग करावेत, म्हणजे क्लस्टर ८ केबीचा राहील. सी मध्ये विंडोज, डी मध्ये डॉसचे छोटे गेम, ई मध्ये दोन-तीन मोठे, आणि चौथ्यात गाणी. डूमचा मोफत भाग पुरे. जे विकत मिळतात ते विकत घ्यावेत, आज त्यांतले पुष्कळ थोडक्या पैशांत मिळतात. ई भरला की काय काढायचे ते घरात बसून ठरवावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे: तारीख, काढलेल्या गेमचे नाव, त्याच्या जागी आलेल्याचे.

आणि डी ड्राइव्हमध्ये प्रिन्सच्या फोल्डरकडे लक्ष असू द्यावे. साठ मिनिटांच्या आत राजकन्येपर्यंत पोचणाऱ्याचे नाव तो गेम विचारतो आणि एका छोट्याशा फाइलीत लिहून ठेवतो. काहीशे बाइटचीही नसलेली ही फाइल आठ केबीचा अख्खा क्लस्टर अडवते. जगातल्या संग्रहांत तिच्यात नावे नसतात, किंवा असली तर कुणा परक्याची. नवघरच्या एखाद्या माळ्यावरून उतरवलेल्या डिस्कवर मात्र ती उघडून पाहावी, कारण जागा करण्यासाठी सगळे पुसले गेले तरी हे फोल्डर बहुधा कुणी पुसलेले नसते.